वजन वाढवणारं, साखर रोखणारं : सामोआतल्या एका जनुकाचं प्रकरण

२०१० साली पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या देशात एक पथक गावोगाव फिरत होतं. जवळ वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, रक्तदाबाचं यंत्र आणि रक्ताचे नमुने घ्यायच्या नळ्या. देशभरातली ३३ गावं त्यांनी केली. सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न न चुकता विचारला जाई: तुमच्या आईकडचे आणि वडिलांकडचे आजी-आजोबा, चौघंही सामोअनच ना? चौघांचंही उत्तर हो असेल तरच पुढे. आपल्याकडे असली चौकशी स्थळ बघताना होते. तिथे ती एका जनुकाच्या शोधासाठी चालली होती, आणि ते जनुक कुठलं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

सामोआच का, हे विचारायची गरज नव्हती. पॉलिनेशियन लोकांचा बांधा मुळातच थोराड, म्हणून त्यांच्यासाठी वजनाचे निकष जरा सैल ठेवलेले आहेत. ते सैल निकष लावूनही २००३ मध्ये सामोआतले ६८ टक्के पुरुष आणि ८४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ ठरत होत्या. २०१० मध्ये हे आकडे ८० आणि ९१ वर गेले. मधुमेहाची चढण तर याहून उभी. १९७८ साली सामोआत मधुमेह पुरुषांत १.२ टक्के आणि स्त्रियांत २.२ टक्के होता. २०१३ पर्यंत दोघांतही तो साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास पोचला. पस्तीस वर्षांत. १९७८ मध्ये शाळेत जाणारं मूल २०१३ मध्ये चाळिशीत आलं, एवढ्याच काळात.

एवढ्या काळात जनुकं बदलत नाहीत. हे पथकातल्या लोकांना अर्थातच माहीत होतं. तरीही ते जनुकं शोधायला गेले, कारण प्रश्न जरा वेगळा होता. जेवण सगळ्यांचंच बदललं, मग त्याच गावात, त्याच ताटात जेवणाऱ्या दोन माणसांच्या वजनात इतका फरक का पडतो? आणि हा फरक शोधायला बेट बरं पडतं.

बेट बरं का पडतं

सुमारे २,८०० वर्षांपूर्वी होड्यांतून आलेले लोक सामोआत वसले. किती होड्या, किती माणसं, हे कोण सांगणार? पण आजच्या सामोअन लोकांच्या जनुकसंचावरून मागे हिशेब करत गेलं, तर वंश पुढे नेणाऱ्यांची संख्या पहिली बरीच शतकं हजाराच्या आतबाहेरच राहिली असावी असं दिसतं. खरी वाढ झाली ती गेल्या हजारेक वर्षांत. मूठभर माणसांपासून मोठी लोकसंख्या झाली की त्या मुठीत जे काही आलं असेल ते पुढे वाढत जातं. जगात इतरत्र लाखात एखाद्याकडे असणारा जनुकाचा एखादा प्रकार पहिल्या होडीतल्या एका-दोघांकडे असला, आणि त्यांना पोरंबाळं चांगली झाली, तर शेकडो वर्षांनी तो निम्म्या गावात सापडू शकतो. याला संस्थापक परिणाम म्हणतात.

मुंबई किंवा लंडनसारख्या ठिकाणी असा दुर्मीळ प्रकार शोधायचा तर लाखो माणसं तपासावी लागतात. बेटावर तोच प्रकार सर्रास झालेला असतो, आणि तीन हजार माणसंही पुरतात.

यावर कुणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं, आपण काही बेटावर राहत नाही. पण २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजगटांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे के. थंगराज त्यात होते. त्यांना ८१ गट असे आढळले, की ज्यांच्यातला संस्थापक परिणाम फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र आहे. जनुकशास्त्राच्या पुस्तकांत 'अलग पडलेली लोकसंख्या' म्हणून दाखला द्यायचा तो याच दोघांचा. त्या ८१ गटांपैकी १४ गटांची संख्या दहा लाखांहून अधिक. समुद्र नसला तरी जातीतच सोयरिक करण्याने तेच काम झालं आहे.

सामोआचं अलगपण मात्र समुद्राने दिलेलं, आणि ते तुटलंही समुद्रावरून आलेल्या बोटींनी. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून 'टालून' नावाची बोट एपिया या राजधानीच्या बंदरात लागली आणि तिच्याबरोबर इन्फ्लुएंझा उतरला. पश्चिम सामोआतली, म्हणजे आजच्या सामोआतली, सुमारे पाचवा हिस्सा माणसं त्यात गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआच्या गव्हर्नरने बोटी रोखून धरल्या आणि तिथे एकही बळी गेला नाही. दोन्हीकडचे लोक एकच, भाषा एकच, नातीगोतीही एकच. ही दोन सामोआंची जोडी पुढे वजनाच्या गोष्टीतही भेटणार आहे.

सापडलं काय

अभ्यासाची सूत्रं ब्राउन विद्यापीठाच्या स्टीफन मॅकगार्व्ही यांच्याकडे होती. ते कित्येक दशकं सामोआत काम करत आलेले. सोबत सिनसिनाटीचे रंजन डेका, पिट्सबर्गचे रायन मिन्स्टर, डॅनियल वीक्स आणि एरिन केर्शॉ, येलच्या निकोला हॉले, तर सामोआतून ताके नासेरी आणि सेफुइवा रेउपेना. निकाल २०१६ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आला.

पहिली पायरी नेहमीची. एका चिपवर जनुकसंचातली लाखो ठिकाणं वाचायची आणि डीएनएचं कुठलं अक्षर जाड माणसांत जास्त दिसतं ते बघायचं. ३,०७२ सामोअन लोकांत पाचव्या गुणसूत्रावर एक ठिकाण ठळकपणे वर आलं. गंमत अशी की, ते ठिकाण खऱ्या कारणाचं नव्हतंच, त्याचा शेजारी होता. कारण या चिपवरची ठिकाणं निवडली जातात ती जगातल्या काही मोजक्या लोकसमूहांत काय आढळतं ते पाहून. सामोआत सर्रास असलेला पण युरोपात जवळजवळ नसलेला बदल त्या चिपवर कुणी आणि का ठेवावा? मग ९६ जणांच्या जनुकसंचाचा तेवढा तुकडा अक्षर न् अक्षर वाचला, आणि खरा बदल हाती आला. सीआरईबीआरएफ नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक. त्यामुळे प्रथिनाच्या ४५७व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिन बसतं. नंतर सामोआ आणि अमेरिकन सामोआतल्या आणखी २,१०२ जणांत पडताळलं. तिथेही तेच.

सामोआत या बदललेल्या अक्षराचं प्रमाण जवळजवळ २६ टक्के आहे. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यामुळे हिशेबाने साधारण ४५ टक्के लोकांकडे निदान एक बदललेली प्रत निघते, आणि सुमारे ७ टक्क्यांकडे दोन्ही. युरोप-आफ्रिकेच्या हजारो नमुन्यांत हा बदल शोधून सापडत नाही म्हटलं तरी चालेल.

आता परिणाम. एका प्रतीमागे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) सुमारे १.४ ने वाढतो. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाच्या भाषेत म्हणजे चार किलो. दोन प्रती असतील तर आठ. ऐकायला फार वाटत नसेल, पण लठ्ठपणाशी संबंधित जनुकांच्या जगात हा आकडा भलामोठा आहे. २००७ मध्ये युरोपीय लोकांत सापडलेलं एफटीओ हे लठ्ठपणाचं सगळ्यात गाजलेलं जनुक. त्याच्या एका प्रतीमागे बीएमआय ०.४ च्या आसपास वाढतो, म्हणजे जेमतेम सव्वा किलो. सर्रास आढळणाऱ्या कुठल्याही एका बदलाचा बीएमआयवर इतका मोठा परिणाम तोवर कुणी पाहिलेला नव्हता.

गोष्ट इथेच संपली असती तर 'लठ्ठपणाचं जनुक सापडलं' एवढी बातमी झाली असती. तशी ती झालीही. पण त्याच निबंधात दुसरा आकडा होता, आणि माझ्या मते हे सगळं प्रकरण त्या दुसऱ्या आकड्याचं आहे. ज्यांच्याकडे हा बदल आहे त्यांना मधुमेह असण्याची शक्यता कमी निघाली, आणि कमी म्हणजे थोडीथोडकी नव्हे, एका प्रतीमागे जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी. उपाशीपोटीची साखरही किंचित खाली.

वजन जास्त, साखर कमी. डॉक्टरकडे गेलं की आपण नेमकं उलटं ऐकतो: वजन उतरवा, शुगर उतरेल. ते चुकीचं नाही, बहुतेकांच्या बाबतीत खरंच आहे. पण इथे एकच अक्षर ही जोडी फोडत होतं.

असा उफराटा निकाल आला की पहिली शंका येते ती चुकीची. म्हणून दुसरीकडे काय दिसतं ते महत्त्वाचं. २०१८ साली न्यूझीलंडमधल्या माओरी आणि पॅसिफिक वंशाच्या दोन हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास आला. तिथेही हाच बदल, तेच वाढलेलं वजन, आणि मधुमेहाची शक्यता तशीच सुमारे ४० टक्क्यांनी कमी. ग्वाम आणि सायपान बेटांवरही बीएमआय आणि मधुमेह यांचं तेच उफराटं नातं दिसलं. टोंगा आणि हवाईच्या मूळ रहिवाशांतही हा बदल आढळला आहे. म्हणजे हा सामोआच्या आकडेवारीतला अपघात नव्हता.

पेशीत काय चालतं

सीआरईबीआरएफ हे जनुक नेमकं करतं काय, याचा थोडा माग लागलेला आहे. पेशीला अन्न मिळेनासं झालं की हे जनुक जागं होतं, अन्न मिळालं की मंदावतं. फळमाशीत याचाच चुलतभाऊ आहे. तोही उपासमारीच्या वेळी शरीराचा कारभार कसा आवरता घ्यायचा हे ठरवणाऱ्या साखळीतला. पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत उंदराच्या चरबीपेशींमध्ये मूळ आणि बदललेलं अशी दोन्ही जनुकं घालून पाहिली. बदललेल्या जनुकाच्या पेशींनी चरबी जास्त साठवली आणि ऊर्जा कमी खर्च केली. शिकलेल्या पोरांनी 'एनर्जी बॅलन्स' म्हणावं आणि घरातल्या आजीने 'जपून वापरायची सवय' म्हणावं, अर्थ तोच.

चरबी साठवणं म्हणजे वाईटच असं आपण धरून चालतो. पण खाल्लेलं जादा कुठे ठेवायचं हा शरीरापुढचा खरा सवाल आहे. त्वचेखालच्या चरबीपेशीत नीट बसलं तर ते तुलनेने निरुपद्रवी असतं. तिथे जागा उरली नाही की ते यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत जाऊन बसतं, आणि इन्सुलिनचं काम बिघडतं ते तिथून. धान्य कणगीत असलं तर संपत्ती, घरभर सांडलं तर उंदीर. या बदलामुळे कणगी मोठी होते, म्हणून साखर आटोक्यात राहते, हा एक पटण्यासारखा तर्क आहे. तर्कच म्हणतो आहे, कारण नंतरच्या अभ्यासांनी चित्रात आणखी रंग भरलेत आणि ते सगळे चरबीचे नाहीत.

सामोआतच हा बदल असलेले लोक किंचित उंचही निघाले. चार महिन्यांच्या तान्ह्या बाळांना तपासलं, तर बदलवाल्या बाळांत चरबी नव्हे, हाडं आणि चरबीविरहित भाग जास्त दिसला. न्यूझीलंडमध्ये पुरुषांत मायोस्टॅटिन कमी आढळलं. हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं, तो लगाम ढिला म्हणजे स्नायू जास्त. आणि २०२१ मध्ये तिथल्याच माओरी व पॅसिफिक वंशाच्या पुरुषांत दिसलं की ग्लुकोज दिल्यावर बदलवाल्यांचं स्वादुपिंड सुरुवातीचं इन्सुलिन जास्त जोमाने सोडतं. मग बीएमआय वाढला तो नेमका कशाने? वजनकाटा चरबी, स्नायू आणि हाडं यांत भेद करत नाही. 'लठ्ठपणाचं जनुक' हा पहिल्या दिवशीचा मथळा इथे चांगलाच लंगडा पडतो.

काटकसरीची कहाणी

मूळ निबंधाच्या शीर्षकातच या बदलाला 'काटकसरी' म्हटलं होतं. हा शब्द जुना आहे आणि त्याच्यामागे मोठा वाद आहे.

१९६२ साली, म्हणजे सामोआ स्वतंत्र झाला त्याच वर्षी, मिशिगन विद्यापीठाच्या जेम्स नील यांनी एक कल्पना मांडली. मधुमेह माणसाला एवढा त्रास देतो, तर त्याची जनुकं उत्क्रांतीत गळून का पडली नाहीत? त्यांचं उत्तर: कारण एके काळी ती उपयोगी होती. आज मिळालं, उद्या मिळेलच असं नाही अशा काळात, मिळालं की झटकन इन्सुलिन सोडून ते साठवून ठेवणारा माणूस तगला असेल. मग रोजच मेजवानी झाली, आणि तीच काटकसर अंगाशी आली. कल्पना सुटसुटीत, लगेच पटणारी. ॲरिझोनातल्या पिमा लोकांपासून पॅसिफिकमधल्या नौरूपर्यंत जिथे जिथे मधुमेह वाढला, तिथे तिथे ती चिकटवली गेली. पॉलिनेशियन लोकांच्या बाबतीत तर चित्रपटच तयार होता: लांबचा समुद्रप्रवास, संपत आलेली शिदोरी, बारीक माणसं वाटेत गेली, जाड माणसं किनाऱ्याला लागली.

सीआरईबीआरएफ सापडल्यावर अनेकांना वाटलं, नील यांचं जनुक शेवटी मिळालं. पण जरा थांबून पाहिलं तर ते नीटसं बसत नाही. नील मधुमेहाचं कोडं सोडवत होते. त्यांचं काटकसरी जनुक मधुमेह आणणारं होतं, आणि हे त्याला अडवतं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे नील यांच्या कल्पनेतली 'झटकन इन्सुलिन' ही गोष्ट या बदलाच्या लोकांत खरोखरच सापडली, फक्त तिचा परिणाम उलटा निघाला. साठ वर्षांपूर्वीच्या अंदाजातला सुटा भाग बरोबर यावा आणि गणित चुकावं, असं विज्ञानात क्वचित इतक्या स्वच्छपणे दिसतं.

समुद्रप्रवासाच्या कहाणीतही भोकं आहेत. टोंगा-फिजीकडून सामोआला येणं हे पॅसिफिकच्या मापाने लांबचं अंतर नव्हे. जीवघेणे पल्ले पुढचे, ताहिती, हवाई, न्यूझीलंडचे, आणि ते बऱ्याच शतकांनंतरचे. आणि सामोआची जमीन ज्वालामुखीची, सुपीक. नारळ, विलायती फणस, अळकुड्या, केळी आणि खाडीतले मासे. तिथे वादळं येतात हे खरं, पण हे भुकेकंगाल बेट नव्हे. मूळ निबंधात त्या जनुकाच्या आजूबाजूला नैसर्गिक निवडीच्या खुणा दिसल्याचं नोंदवलं आहे, आणि त्या खुणा खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण जिथे शतकानुशतकं वंश पुढे नेणारी माणसं हजाराच्या आसपास होती, तिथे निव्वळ योगायोगानेही एखादा प्रकार वर चढू शकतो. शिवाय निवड झाली असेल तर ती भुकेमुळेच कशावरून? हाडापेराने मजबूत असणं, उंच असणं, साथीच्या रोगात तगणं, कशामुळेही झाली असेल. बाळांच्या हाडांचा निष्कर्ष पाहिला की मला तरी भुकेचा दावा पहिल्या नंबरवर ठेवावासा वाटत नाही.

या वादाला माणसांचीही बाजू आहे. 'तुमच्या रक्तातच आहे' हे वाक्य एखाद्या समाजाला उद्देशून म्हटलं की ते प्रयोगशाळेत राहत नाही. न्यूझीलंडमध्ये २००६ साली माओरी लोकांत 'लढाऊ जनुक' असल्याची बातमी गाजली आणि तिने बराच काळ कडवटपणा ठेवला. २०१३ मध्ये सामोआच्या एका छोट्या विमान कंपनीने प्रवाशाच्या किलोवर तिकीट आकारायला सुरुवात केली, तेव्हा जगभरच्या वृत्तवाहिन्यांनी ती बातमी हसत हसत दाखवली. अशा हवेत 'सामोअन लोकांचं लठ्ठ जनुक' हे शब्द किती लवकर पसरतील, हे वेगळं सांगायला नको.

मग वजन आणलं कुणी

हा बदल सामोआत हजारो नाही तरी शेकडो वर्षं आहेच. १९७८ मध्येही तो त्याच प्रमाणात होता. एका माणसाचं वजन दुसऱ्यापेक्षा जास्त का, याचं तो थोडं उत्तर देतो, आणि थोडं म्हणजे बीएमआयमधल्या एकूण फरकापैकी सुमारे दोन टक्के. सगळ्या देशाचं वजन का वाढलं, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. ते बंदरावर आहे.

सामोआच्या रविवारचं जेवण, तोओनाई, चर्चहून आल्यावर होतं. त्यात पालुसामी असतं: अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं घट्ट दूध भरून तापलेल्या दगडांवर शिजवलेलं. अळूवडीच्या घरात वाढलेल्याला ते परकं वाटायचं कारण नाही. या जेवणात नारळाची चरबी आहेच, पण त्यासाठी माडावर चढावं लागतं, रान खणावं लागतं, होडी वल्हवावी लागते.

मग डबे आले. सामोअन भाषेत डब्यातल्या मांसाला 'पिसुपो' म्हणतात. हा शब्द इंग्रजी 'पी सूप'वरून आला, कारण सुरुवातीच्या डब्यांत वाटाण्याचं सूप होतं. सूप गेलं, खारवलेलं गोमांस आलं, नाव तेच राहिलं. लग्न, मयत, सरदारकीचा मान देण्याचा समारंभ, अशा प्रसंगी पिसुपोचे डबे पाहुण्यांना देणं हा मानाचा भाग झाला. न्यूझीलंडहून मेंढीच्या पोटाकडचं चरबीदार मांस आणि अमेरिकेहून टर्कीच्या शेपट्या येऊ लागल्या. टर्कीची शेपटी म्हणजे भरपूर चरबीचा, जिथल्या तिथे फारसं कुणी खात नाही असा भाग. १९९० आणि १९९१ ची दोन मोठी चक्रीवादळं झाली, आणि १९९३ मध्ये अळूच्या पानांवर करपा पडून देशाचं मुख्य पीक जवळजवळ झोपलं. तांदूळ आणि मैदा तोवर ताटात आलेच होते, आता त्यांचा हिस्सा वाढला.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. २००७ मध्ये सामोआने टर्कीच्या शेपट्यांच्या आयातीवर बंदी घातली. पुढे जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं ठरलं, आणि ही बंदी आड आली. २०१२ मध्ये सदस्यत्व मिळालं आणि बंदी उठवून तिच्या जागी जबर आयात कर बसवावा लागला. वजनाचं जनुक शोधायला लाखो ठिकाणं वाचली गेली. इथे मात्र कारण करारातल्या एका अटीत उघडं लिहिलेलं आहे.

दोन सामोआंची तुलनाही हेच सांगते. अमेरिकन सामोआत रोख पगार, दुकानं आणि अमेरिकन माल आधी पोचला. तिथे वजन आणि मधुमेहही आधी चढले आणि जास्त चढले. जनुकं मात्र दोन्हीकडे तीच. हाच धडा पिमा लोकांनीही दिला आहे. २००६ च्या अभ्यासात ॲरिझोनातल्या पिमांमध्ये मधुमेह ३८ टक्के होता, तर सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात शेती करणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांमध्ये ७ टक्क्यांच्या आत.

याचा अर्थ जनुक शोधणं फुकट गेलं असा अजिबात नाही. ग्रीनलंडचं उदाहरण घ्या. तिथल्या इन्युइट लोकांत २०१४ साली टीबीसी१डी४ या जनुकातला एक बदल सापडला. त्याचं प्रमाण १७ टक्के. स्नायू रक्तातली साखर आत ओढून घेतात, ते काम त्यामुळे अडतं. ज्यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या त्यांना मधुमेहाची शक्यता दहा पट. अशांची उपाशीपोटीची साखर फारशी वाढलेली नसते, ती जेवणानंतर चढते. म्हणजे फक्त उपाशीपोटी रक्त तपासलं तर ते निसटतात. इथे जनुक माहीत असणं कुठली तपासणी करायची इथपर्यंत थेट पोचतं. सामोआचं जनुक अजून तिथवर पोचलेलं नाही. त्यावर औषध नाही. तुमच्याकडे हा बदल आहे असं एखाद्याला सांगितलं तर त्याने उद्यापासून वेगळं काय करावं, याचं उत्तर नाही. पण साखर आणि वजन यांची गाठ कुठे सोडवता येते, ती जागा त्याने दाखवली आहे.

पुण्याचं उलटं चित्र

ही गाठ दुसऱ्या टोकाने पाहायची असेल तर पुण्याला यावं लागतं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. बघायला दोघंही सडसडीत. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. तरी स्नायू आणि अवयव जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. याज्ञिकांनी या बाळांना 'बारीक पण चरबीदार' म्हटलं.

सामोआतलं बदलवालं बाळ आणि पुण्याजवळच्या गावातलं बाळ शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकात हाडं आणि चरबीविरहित भाग जास्त, मोठेपणी वजन भरपूर, साखर तुलनेने बरी. दुसऱ्यात स्नायू कमी, चरबी टिकून, मोठेपणी वजन बेताचं आणि साखर लवकर चढलेली. पुण्यातला फरक मुख्यतः जनुकाचा आहे असं समजायचं कारण नाही. याज्ञिकांचा भर आईच्या पोटातल्या पोषणावर, आयांना मिळणाऱ्या बी १२ आणि फोलेटवर राहिला आहे. पण रोग एकच, आणि त्याला जायचे रस्ते दोन टोकांचे.

याचा हिशेब रोजच्या दवाखान्यात कुठे दिसतो, तर भिंतीवरच्या तक्त्यात. जागतिक निकषाने बीएमआय २५ च्या वर गेला की जादा वजन, ३० च्या वर लठ्ठपणा. पॉलिनेशियन लोकांसाठी हेच आकडे २६ आणि ३२. भारतीयांसाठी २००९ मध्ये ठरलेले २३ आणि २५. म्हणजे बीएमआय २५.५ असलेला माणूस एपियात बसला तर त्याला काही झालेलं नाही, लंडनमध्ये त्याचं वजन थोडं जास्त आहे, आणि पुण्यात तो लठ्ठ आहे. आता त्याची आई सामोअन आणि वडील गुजराती असतील, आणि तो ऑकलंडच्या दवाखान्यात बसला असेल, तर समोरच्या डॉक्टरने यातला कुठला तक्ता उघडायचा?